एकाच ड्रममध्ये औषध आणि कल्चर: जिवाणू जगतात का?

काळीमाती | २१ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वाशीम जिल्ह्यात आमची अकरा एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन आणि तूर. पेरणी तोंडावर आलीय, त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायची म्हणून हा धागा काढतोय.

गेल्या वर्षी फार घाई झाली. पाऊस झाला, पण दुसऱ्या दिवशी मजूर मिळणार नव्हते. म्हणून बुरशीनाशक, थायामेथोक्झाम हे कीटकनाशक आणि मुळांवर गाठी करून पिकाला हवेतला नत्र देणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचं पाकीट (कल्चर) असं तिन्ही एकाच ड्रममध्ये टाकून बियाण्याला चोळलं. उगवण चांगली झाली. पण चाळीसेक दिवसांनी डवरणीच्या वेळी रोपं उपटून पाहिली तर मुळं जवळजवळ कोरी. एकेका रोपावर सात-आठ बारक्या गाठी. शेजारच्या काकांनी कल्चर लावलंच नव्हतं, त्यांच्या मुळांवर मात्र गाठींचे घोस होते.

जिथून पाकीट आणलं तिथे विचारलं. ते म्हणाले, "आमचे जिवाणू औषधाला दाद देत नाहीत, बिनधास्त मिसळा." आणि आता यंदा त्याहून महाग पाकीट दाखवताहेत.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. औषध सहन करणारे जिवाणू खरंच असतात का? आणि असले, तरी ते पिकाच्या कामाचे राहतात का?

रानवारा | २१ मे, रात्री १०.०५

क्रम चुकला, दादा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. आमच्या गावात पोरांना "बु-की-जि" असं पाठ करायला लावलंय. औषध लावलेलं बी आधी सावलीत पूर्ण सुकू द्यायचं. कल्चर पेरणीच्या दिवशीच लावायचं, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, थंड गुळाच्या पाण्यात कालवून. आणि सोयाबीनचं टरफल पातळ असतं, चोळू नका. ताडपत्रीवर बी पसरा आणि हलक्या हाताने खालीवर करा.

वऱ्हाडी_गडी | २१ मे, रात्री १०.३०

काहून भाऊ, सारं एकाच ड्रममधी कालवलं? पाव्हण्याले घरात घेतलं अन् दारातच फवारा मारला असं झालं थे! मीबी दोन वर्षांआधी हेच करून बसलो होतो, म्हणून बोलून राह्यलो.

सूक्ष्मदर्शी | २१ मे, रात्री ११.५०

पुण्यात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रश्न फार आवडला, विशेषतः त्याचा दुसरा भाग. पाकीट विकणारे पहिल्या भागाचं उत्तर देतात आणि तेच दुसऱ्याचंही उत्तर आहे असं भासवतात.

हो, असे जिवाणू असतात, आणि ते मातीतच सापडतात. एक उदाहरण सांगते. फिलिपिन्समध्ये लॉस बानोसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथल्या भातखाचरांत डायझिनॉन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा वापरलं जायचं. काही वेळा वापरल्यावर लक्षात आलं, की औषध आधीपेक्षा लवकर नाहीसं होतंय. आपले भारतीय शास्त्रज्ञ सेतुनाथन तेव्हा तिथे काम करत होते. त्यांनी आणि योशिदा यांनी खाचराच्या पाण्यातून एक जिवाणू वेगळा केला आणि १९७३ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. हा जिवाणू डायझिनॉन फोडायचा, पॅराथिऑनही फोडायचा. पुढे त्याच्यातलं ते फोडणारं विकर (एन्झाइम) आणि त्याचं जनुक सापडलं. जवळजवळ तेच जनुक अमेरिकेतल्या एका अगदी वेगळ्या जिवाणूतही निघालं. ते प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात असं डीएनएचं छोटं कडं. पॅराथिऑन माणसाने १९४० च्या दशकात बनवलं. तीसेक वर्षांत मातीने त्यावर तोड काढली. वर्गात हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सहन करणं आणि खाणं हे एक नाही. काही जिवाणू औषध पंपाने पाणी उपसावं तसं पेशीबाहेर टाकत राहतात. काही स्वतःभोवती चिकट आवरण करतात. काही त्याचे तुकडे करतात, आणि त्यातल्या मोजक्यांनाच त्या तुकड्यांवर पोट भरता येतं. तो फिलिपिन्सचा जिवाणू डायझिनॉन पार शेवटापर्यंत पचवायचा, पण पॅराथिऑन फोडून जो नायट्रोफेनॉल उरायचा त्याला हात लावत नव्हता. तोही विषारीच. म्हणजे बाटलीवरचं रसायन गेलं याचा अर्थ विष गेलं असा होत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर उद्या लिहिते. उद्या सकाळी प्रात्यक्षिक आहे.

काळीमाती | २२ मे, सकाळी ६.१५

ताई, मनापासून धन्यवाद. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय, आपल्या मातीतही असे असतील का?

सूक्ष्मदर्शी | २२ मे, रात्री ९.२०

बाबांना सांगा, असणारच. ज्या शेतात वर्षानुवर्षं एखादं औषध पडतं, तिथे त्याला सरावलेले जिवाणू उरतात. ते शोधायची पद्धतही सोपी आहे. माती पाण्यात कालवायची, ते पाणी थोडं थोडं औषध घातलेल्या माध्यमावर पसरायचं, आणि दर वेळी औषधाची मात्रा वाढवत जायचं. शेवटी जे वाढतात ते सोशिक.

आता कामाचं. पिकाला मदत करणारे जिवाणू चार-पाच गोष्टी करतात. कुणी हवेतला नत्र बांधतात. कुणी आम्लं सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात. कुणी मुळं वाढवणारं ऑक्झिन बनवतात. कुणी लोह धरून ठेवणारी संयुगं सोडतात, त्यामुळे रोगट बुरशीला लोह मिळत नाही. काही जिवाणू ताणाखालच्या मुळातलं, वाढ रोखणारं इथिलीन कमी करतात. मुळांभोवती राहून वाढीला मदत करणाऱ्या जिवाणूंसाठी क्लोपर आणि श्रॉथ यांनी १९७८ मध्ये जे इंग्रजी नाव दिलं, त्याची पीजीपीआर ही आद्याक्षरं हल्ली पाकिटांवरही दिसतात.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात अहमद आणि खान यांनी नेमका तुमचाच प्रश्न घेतला होता. मूग, मसूर, वाटाणा, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींतले आणि मोहरीच्या मुळांजवळचे जिवाणू घेतले, त्यातले औषध सोसणारे निवडले, आणि औषधाच्या वाढत्या मात्रेत ते किती काम करतात ते मोजलं. जिवाणू जगले. पण औषध वाढलं तसं ऑक्झिन कमी झालं, स्फुरद विरघळवणं कमी झालं, लोह धरणारी संयुगं कमी झाली. वाढलं ते फक्त चिकट आवरण. म्हणजे जिवाणूची सगळी ताकद जीव वाचवण्यात गेली. तरीही कुंडीतल्या प्रयोगांत औषध पडलेल्या मातीत हे सोशिक जिवाणू दिलेली रोपं, न दिलेल्या रोपांपेक्षा बरी वाढली. तेव्हा ते निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. पण "औषधाला दाद देत नाहीत" हे वाक्य खोटं आहे. मरत नाहीत, एवढंच खरं.

कृषीकेंद्र_चालक | २३ मे, दुपारी १.१०

आमचं दुकान आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. पाकिटात जिवाणू जिवंत होते का, हे आधी पाहा. सरकारी मानकानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूपाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. पण तेच पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलं तर आत काय उरणार? मी माझी पाकिटं घरातल्या थंड खोलीत ठेवतो आणि जूनच्या आधी मागवतच नाही. विकत घेताना अंतिम तारीख बघा, आणि दुकानदाराने कुठे ठेवलंय तेही विचारा. राग आला तर येऊ द्या.

आणखी एक. पाकिटावर पिकाचं नाव वाचा. सोयाबीनचं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, तूर-मूग-उडदाचं वेगळं. हरभऱ्याचं कल्चर सोयाबीनला लावून उपयोग नाही.

वऱ्हाडी_गडी | २३ मे, दुपारी २.००

म्हणजे कुंडली जुळल्याशिवाय गाठ पडत नाही! :)

निफाडची_बाग | २३ मे, रात्री ८.४५

आमची द्राक्षं. डाऊनी रोगाच्या भीतीने बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त बुरशीनाशकं वर्षानुवर्षं मारलीत. सूक्ष्मदर्शी ताई, मातीतले जिवाणू तांबंसुद्धा फोडतील का?

सूक्ष्मदर्शी | २३ मे, रात्री १०.१०

नाही, काका. डायझिनॉन हे कार्बनचं संयुग, त्याचे तुकडे होतात. तांबं हे मूलद्रव्य, त्याचे तुकडे करणारा जिवाणू असूच शकत नाही. सोशिक जिवाणू ते पेशीबाहेर ढकलतात किंवा बांधून ठेवतात, पण तांबं मातीतच राहतं. म्हणूनच युरोपात द्राक्षबागांसकट सगळीकडे ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोंपेक्षा जास्त तांबं वापरायला मनाई आहे. तुमच्या माती परीक्षणात तांब्याचा आकडा असेल तर जरूर काढून बघा. आणि रायझोबियमला तांबं, पारा आणि कॅप्टान ही बुरशीनाशकं फार त्रासदायक. त्या मानाने थायरम सौम्य.

निफाडची_बाग | २३ मे, रात्री १०.४०

मागच्या अहवालात होता. शोधतो. आणि ट्रायकोडर्मा? मी दर वर्षी शेणखतात मिसळून देतो, मग आठवड्याने कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी.

रानवारा | २३ मे, रात्री १०.५५

अहो, असं करू नका! ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, जिवाणू नाही. कार्बेन्डाझिम तिला मारतंच. सुडोमोनास, बॅसिलस हे जिवाणू, ते त्यातून बऱ्यापैकी वाचतात. आपण सगळ्याला "जैविक" म्हणतो आणि एका पिशवीत भरतो, तिथेच घोळ होतो.

ऊसवाला_वाळवा | २४ मे, सकाळी ७.३०

थोडं अवांतर. हुमणीसाठी (उसाची मुळं खाणारी अळी) आम्ही आधी जे दाणेदार औषध टाकायचो ते पहिली तीन-चार वर्षं चाललं, मग चालेना. सगळे म्हणायचे माल भेसळीचा आहे. सूक्ष्मदर्शी ताईंचं वाचून वाटलं, जिवाणूंनी तर खाल्लं नसेल?

सूक्ष्मदर्शी | २४ मे, रात्री ९.००

अवांतर कसलं, हा तर याच धाग्याचा दुसरा पदर! कार्बोफ्युरॉन या कीटकनाशकाच्या बाबतीत हे नीट नोंदलं गेलंय. अमेरिकेत मक्याच्या मुळावरच्या अळीसाठी ते वापरायचे. त्याच शेतात पुन्हा पुन्हा टाकल्यावर मातीतले जिवाणू ते इतक्या लवकर संपवायला लागले, की अळी मरण्याआधीच औषध गायब. तुमच्या शेतात नेमकं काय झालं ते तपासल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. हुमणीने स्वतःही प्रतिकार कमावला असेल, किंवा माल खरंच खराब असेल. पण एकच औषध एकाच रानात दर वर्षी टाकू नये, याला हेही एक कारण आहे.

डॉक्टर_बीड | २५ मे, रात्री ११.१५

मला एक चिंता मांडायची आहे. जिवाणू औषध बाहेर फेकणारे पंप वापरतात असं वर आलंय. तेच पंप प्रतिजैविकंही बाहेर फेकू शकतात. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या कॅंटरबरी विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की डायकाम्बा, २,४-डी आणि ग्लायफोसेट या तणनाशकांच्या सान्निध्यात ई. कोलाय आणि साल्मोनेला या जिवाणूंचा काही प्रतिजैविकांना मिळणारा प्रतिसाद बदलतो. कधी ते जास्त सोशिक होतात, कधी जास्त नाजूक. माझ्या दवाखान्यात साधा मूत्रमार्गाचा संसर्ग नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाही, असे रुग्ण दर आठवड्याला येतात. त्याचा दोष मी शेतकऱ्यावर टाकत नाही. पण "सोशिक जिवाणू" निवडून, वाढवून, टनावारी शेतात सोडण्याआधी ते प्रतिजैविकांनाही सोशिक आहेत का, हे तपासलंच पाहिजे.

सूक्ष्मदर्शी | २६ मे, सकाळी ७.००

पूर्ण अनुमोदन, डॉक्टर. आणि तो जिवाणू माणसाला रोग करणारा नाही ना, हेही. अलीगढच्या सोशिक जिवाणूंत क्लेब्सिएला आणि एन्टेरोबॅक्टरही होते. प्रयोगशाळेत ते उत्तम काम करतात, पण त्यांचे काही भाऊबंद रुग्णालयातही भेटतात. ते शेतकऱ्याने उघड्या हाताने बियाण्याला लावावेत, हे मला मान्य नाही.

आयोवाकर | २७ मे, सकाळी ५.२०

मूळचा हिंगोलीचा, आता आयोवात. इथे नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. औषध सोसणाऱ्या जिवाणूचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या खिडकीबाहेर उभं आहे. ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेत ॲग्रोबॅक्टेरियमचा सीपी४ नावाचा वाण सापडला. ग्लायफोसेट ज्या विकराला बंद पाडतं, ते याच्यात वेगळ्या घडणीचं होतं. त्याचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं आणि १९९६ पासून तणनाशक सोसणारं सोयाबीन इथे पेरलं जातंय. भारतात अशा सोयाबीनला परवानगी नाही, पण गोष्ट सांगण्यासारखी आहे.

गंमत पुढेच आहे. पीक सोसतं, पण त्याच्या गाठीतला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू बिचारा ग्लायफोसेटला नाजूकच राहतो.

आणि काळीमाती भाऊ, इथले कृषी विस्तारवाले सांगतात की गेल्या तीन-चार वर्षांत त्या रानात सोयाबीन झालं असेल तर कल्चरने फारसा फरक पडत नाही, जुने जिवाणू मातीत टिकून असतात. तुमच्या काकांच्या गाठींचं कोडं कदाचित इथेच सुटेल.

मास्तर_परभणी | २७ मे, रात्री ९.३०

सगळं वाचलं. एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. काळीमाती, पेरणीनंतर युरिया टाकला होता का?

काळीमाती | २७ मे, रात्री ९.५०

हो सर. पीक पिवळं दिसत होतं म्हणून विसाव्या दिवशी एकरी एक बॅग.

मास्तर_परभणी | २७ मे, रात्री १०.१५

मग सगळा दोष ड्रमवर टाकू नका. मुळाला आयता नत्र मिळाला तर झाड जिवाणूला घरात घेत नाही. गाठ म्हणजे झाडाचा खर्च आहे, स्वतःची साखर द्यावी लागते. सुरुवातीचा थोडा नत्र चालतो, उभ्या पिकात बॅग नको. तुमच्या काकांनी टाकला नसणार.

मुलांना मी शेतावर नेतो तेव्हा गाठ नखाने फोडायला लावतो. आतून लालसर गुलाबी म्हणजे काम चालू. हिरवट किंवा करडी म्हणजे बंद. नुसती संख्या मोजू नका, फोडून बघा.

काळीमाती | २८ मे, सकाळी ६.००

काकांना विचारलं. नव्हता टाकला. रात्रभर हेच डोक्यात होतं, वर्षभर मी त्या पाकिटाला बोल लावत होतो.

देशी_शेती | २८ मे, दुपारी १२.४०

मग औषधंच बंद करा ना. शेण-गोमूत्राचं जीवामृत द्या, जिवाणू आपोआप येतील.

रानवारा | २८ मे, दुपारी १.३०

मीही तीन एकरांवर जीवामृत देतो, माती भुसभुशीत झालीय. पण खोडमाशी आणि चक्रीभुंगा आलेल्या वर्षी ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, त्याला "बंद करा" म्हणणं मला जमत नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने माणसं गेली, ते आम्ही जवळून पाहिलंय. औषध कमी व्हावं असं आम्हालाच सगळ्यात जास्त वाटतं. ते कमी होईपर्यंत जिवाणू कसे वाचवायचे, हा इथला प्रश्न आहे.

सूक्ष्मदर्शी | २८ मे, रात्री ९.४५

एक सुचवते. औषध बियाण्यावर आणि जिवाणू मातीत, असं वेगळं करून बघा. कल्चर चाळलेल्या ओलसर गांडूळखतात मिसळून पेरणीच्या तासात (ओळीत) द्या, बियाण्याला चिकटवू नका. सोशिक जिवाणू शोधण्यापेक्षा त्याला औषधापासून दोन बोटं लांब ठेवणं स्वस्त पडतं. आणि पेरणीची चार तासं (ओळी) प्रयोगाची ठेवा: काहीच न लावलेलं बी, फक्त औषध, क्रमाने औषध-कल्चर, आणि हे गांडूळखताचं.

काळीमाती | ९ ऑगस्ट, रात्री ८.३०

धागा वर आणतोय, उशिराबद्दल माफ करा.

७५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्यावरच पेरलं. ताईंनी सांगितलेली चार तासं दोन ठिकाणी केली, एक जुन्या सोयाबीनच्या रानात आणि एक नाल्याकाठच्या तुकड्यात. तो तुकडा कित्येक वर्षं पडीक होता, तिथे सोयाबीन कधीच झालं नव्हतं. उभ्या पिकात युरिया कुठेच नाही. मध्ये पावसात सोळा दिवसांचा खंड पडला. नाल्याकाठचं "फक्त औषध"चं अर्धं तास करपलं, त्यामुळे ते धरत नाही.

काल प्रत्येक तासातली दहा-दहा रोपं खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढली, बादलीत धुतली. जुन्या रानात चारही तासांत भरपूर गाठी. काहीच न लावलेलं आणि कल्चर लावलेलं, डोळ्यांना फरक दिसत नाही. फक्त औषधवाल्याच्या गाठी थोड्या बारीक, पण फोडल्यावर गुलाबीच. आयोवाकरांचं बरोबर निघालं.

नाल्याकाठी मात्र वेगळंच. काहीच न लावलेल्या तासात मुळं जवळजवळ कोरी. क्रमाने लावलेल्यात एका रोपावर पंधराच्या आसपास. गांडूळखताच्या तासात तीसच्या वर, आणि मुख्य मुळालाच गच्च धरलेल्या. गुलाबीचं काय, चक्क रक्तासारखा रंग.

यंदा महागडं पाकीट घेतलं नाही. साधंच घेतलं, कृषीकेंद्रवाल्या दादांनी सांगितलं तसं तारीख बघून, आणि पाण्याच्या माठाशेजारी ठेवलं.

मास्तर_परभणी | ९ ऑगस्ट, रात्री ८.५०

शाब्बास! शेंगा भरतानाही एकदा उपटा आणि फोडून बघा. खंडानंतर गाठी टिकल्या का ते तेव्हा कळेल.

निफाडची_बाग | ९ ऑगस्ट, रात्री ९.१०

माझा तांब्याचा अहवाल सापडला. सूक्ष्मदर्शी ताई, व्यक्तिगत निरोपात पाठवलाय, सवडीने बघा. आकडा पाहून झोप लागली नाही.

सूक्ष्मदर्शी | ९ ऑगस्ट, रात्री १०.३०

बघितला, काका. उद्या सविस्तर लिहिते. तोवर पुढची बोर्डो फवारणी थांबवता येत असेल तर थांबवा.

काळीमाती, नाल्याकाठच्या त्या तासाची मूठभर माती, मुळांसकट, कागदी पिशवीत घालून पाठवाल का? प्लास्टिकची नको, आणि उन्हात ठेवू नका. माझ्या विद्यार्थ्यांना त्यातले जिवाणू थायामेथोक्झामच्या ताटलीवर वाढवून बघायचेत. बाबांनी मे महिन्यात विचारलं होतं ना, आपल्या मातीत असतील का.

काळीमाती | १० ऑगस्ट, सकाळी ५.५०

बाबा स्वतःच खुरपं घेऊन गेलेत.